करंज, स्पिरिट आणि कुमुद

मीनलचा फोन आला तेव्हा मी गच्चीवरचे वाळलेले कपडे गोळा करत होते. ‘‘नलूमावशी...’’ एवढंच म्हणून ती थांबली, आणि त्या थांबण्यातच मला कळलं. तिची आई, माझी मैत्रीण कुमुद, गेली होती. हृदय गेली काही वर्षं कुरकुरत होतं, त्यामुळे बातमी अगदीच ध्यानीमनी नसलेली नव्हती. पण मैत्रीण आज ना उद्या जाणार हे माहीत असणं आणि ती गेली हे ऐकणं, यांत फार अंतर असतं. मी तशीच जिन्यात बसले, मांडीवर ऊन ऊन कपडे घेऊन. ‘‘दुपारी छान जेवली गं,’’ मीनल सांगत होती. ‘‘डॉक्टरांनी गोड बंद केलंय म्हणून मी वाटीभरच आमरस वाढला, तर म्हणाली, वाटी काय दाखवतेस, पातेलं आण. दोनदा घेतला. मग म्हणाली, पडते जरा. चहाला उठवायला गेले तर...’’ मी म्हटलं, ‘‘दोनदा घेतला ना रस? बरं झालं.’’ आणि फोनच्या दोन टोकांना आम्ही दोघी रडता रडता हसलो. त्याला आता महिना उलटून गेला. अजूनही तिची आठवण आली की आधी हसूच येतं. रडू आलंच तर मागून येतं.

आम्ही पुण्याहून भोपाळला आलो ते आमच्या ह्यांच्या नोकरीमुळे. मोठा सरकारी कारखाना, त्याची आखीव वसाहत, एकसारखे पिवळे क्वार्टर, आणि भोंग्यावर चालणारा दिवस. सामान उतरवत होतो तेव्हा शेजारच्या अंगणातून एक उंच, सावळी बाई कमरेला पदर खोचून आली आणि म्हणाली, ‘‘मराठी आहात न तुम्ही? मग काहून उपाशी राहता? वरणभात टाकून ठेवलाय.’’ ती कुमुद. मूळची नागपूरची. नवरा विनायकराव कारखान्यात इंजिनीयर, आणि ती स्वतः शहरातल्या मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिच्या ‘काय करून राहिली तू’ला मी हसायची आणि माझ्या ‘अय्या’ला ती. आमच्या दोन घरांत एक भिंत होती आणि मागच्या अंगणांत मेंदीचं कुंपण. त्या कुंपणात आम्ही ये-जा करून करून एक खिंडार पाडलं होतं. वसाहतीच्या शाळेत मी गाणं शिकवायची. दुपारी घरी आले की कुमुदच्या हातचा चहा आणि तिच्या तोंडचं रसायनशास्त्र, दोन्ही गरम गरम मिळायचं.

एका उन्हाळ्यात मीनलला गळवं झाली. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. आमच्या ओळीतल्या प्रत्येक घरातून एकेक झाड औषध म्हणून आलं. समोरच्या मिश्राभाभी म्हणाल्या, नीम के पत्ते उबालो. कोपऱ्यावरच्या आजींनी करंज सांगितला, कुणी पेरूची पानं वाटून लावायला सांगितली, कुणी जांभूळ, कुणी अर्जुन. प्रत्येकीची खात्री पक्की होती. गळवं डॉक्टरांच्या गोळ्यांनी बरी झाली, आणि श्रेय मात्र पाचही झाडांना मिळालं. कुमुद चहा गाळता गाळता म्हणाली, ‘‘नलू, ही पाचही झाडं आपल्या दारात आहेत. गळवांचे जिवाणू तर आहेतच. मी केमिस्ट्रीची आहे. मग एकदा पाहूनच का घेऊ नये, यातलं कोण खरं बोलून राहिलं?’’ चाळिशी उलटलेली, नोकरी करणारी, एका लेकीची आई, आणि तिनं त्या दुपारी पीएच.डी. करायचं ठरवलं. विषयाचं नाव पुढे लांबलचक झालं. झाडांच्या पानांच्या अर्कातले रासायनिक घटक आणि त्यांचा जिवाणूंवर होणारा परिणाम. आमच्यात त्याचं नाव एकच होतं... ‘पानं’.

पानांनी आमच्या दोन्ही घरांचा ताबा घेतला. पहाटे फिरायला निघालो की दोघींच्या हातांत कापडी पिशव्या. किडलेलं पान नको, पिवळं नको, रस्त्याच्या धुळीतलं नको. घरी आणून धुवायची आणि सावलीत वाळवायची, कारण उन्हात त्यातलं काय काय उडून जातं म्हणे. तिच्या पडवीतली खाट गेली, मग माझ्या पडवीतली गेली. माझ्या सांडग्यांच्या शेजारी करंजाची पानं पसरलेली असायची आणि वारा सुटला की आम्ही दोघी पदर सावरत धावायचो. वाळलेली पानं ती मिक्सरमधून काढायची. त्या हिरव्या धुराळ्यात नाकाला रुमाल बांधून उभी असलेली कुमुद पाहून धोबी एकदा दारातूनच परत गेला होता.

त्यातला विनायकरावांचा किस्सा मी तेराव्यालाही सांगितला. कडुनिंबाची पूड करून तिनं ती वाटीत काढून ओट्यावर ठेवली होती. विनायकराव सकाळपाळीला निघायच्या घाईत. त्यांना वाटलं कढीपत्त्याची चटणी आहे. भाकरीवर चांगली चमचाभर घेतली, तेल घातलं आणि खाल्ली. पूर्ण खाल्ली! अवाक्षर काढलं नाही. त्यानंतर घरात जरा जपूनच वागत होते. शेवटी कुमुदनं विचारलं, काय झालं? तेव्हा म्हणाले, ‘‘मला वाटलं, माझं काहीतरी चुकलंय आणि तू न बोलता सांगते आहेस.’’ कुमुद हसून हसून जमिनीवर बसली होती.

पानांत काय आहे ते पाहायच्या तिच्या परीक्षा मला जादूच्या प्रयोगासारख्या वाटायच्या. त्या ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत करायची; सुट्टीच्या दिवशी कधीकधी मीनलला आणि मला सोबत न्यायची. एका नळीतल्या पानांच्या पाण्यात लोहाच्या क्षाराचे थेंब टाकले की पाणी शाईसारखं निळंकाळं व्हायचं. म्हणजे टॅनिन, चहाला आणि कच्च्या जांभळाला जो तुरटपणा असतो, तोच. दुसरी नळी नुसती हलवली की तिच्यात फेस धरायचा आणि बराच वेळ उतरायचा नाही. ‘‘शिकेकाईला फेस का येतो? तेच यात आहे,’’ ती मीनलला सांगायची. तिसऱ्या नळीत मॅग्नेशियमचा तुकडा आणि आम्ल टाकलं की पिवळसर पाणी हळूहळू गुलाबी व्हायचं, आणि मीनल टाळ्या वाजवायची. कुमुदसुद्धा वाजवायची. हजारदा केलेला प्रयोग असला तरी वाजवायची. मी तिला म्हटलं होतं, ‘‘तू मुलींना शिकवताना पण असंच करतेस?’’ ‘‘मग? रंग आला तर आनंद नको व्हायला?’’

जिवाणूंसाठी मात्र कॉलेजात सोय नव्हती. तिथे डॉ. कुरेशी उपयोगी पडले. वसाहतीत रक्त-लघवी तपासणारे पॅथॉलॉजिस्ट, पक्के भोपाळी, पान खाणारे, आणि बोलण्यात अशी मिठास की आजारी माणसाला वाटावं आपण पाहुणेच आलोय. त्यांनी आपल्या खोलीतला एक कोपरा रविवारी तिला दिला. ‘‘मोहतरमा, जगह आपकी, कीड़े हमारे,’’ ते म्हणाले. काचेच्या पसरट बशीत जेलीसारखं अगार, त्यावर जिवाणू पसरायचे, अगारमध्ये छोटी छोटी भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकात एकेका झाडाचा अर्क भरायचा. दुसऱ्या दिवशी सगळी बशी जिवाणूंनी धुरकट झालेली असते. पण अर्कात दम असेल तर त्याच्या भोकाभोवती स्वच्छ गोल राहतो. तिथे जिवाणू वाढलेच नाहीत. गोल जितका मोठा, तितका अर्क भारी. इतकं साधं. कुमुद तो गोल मोजपट्टीनं मोजायची आणि तिचा चेहरा पाचवीतल्या मुलीसारखा व्हायचा.

आणि एका रविवारी करंजानं कमाल केली. फोड-गळवं करणाऱ्या जिवाणूच्या बशीत करंजाच्या अर्काभोवती भला मोठा गोल. पुन्हा केलं, पुन्हा तेवढाच. डॉ. कुरेशींनी बशी उजेडात धरून म्हटलं, ‘‘अरे वाह खाँ, ये तो चाँद निकल आया!’’ तिचे मार्गदर्शक सर अरेरा कॉलनीत राहायचे. एरवी फारसे न हसणारे ते गृहस्थही खूश झाले आणि एका मोठ्या परिसंवादासाठी तिचा निबंध त्यांनी लगेच पाठवून दिला. कुठून तरी वार्ताहर आला. दोन दिवसांत हिंदी पेपरात कुमुदचा फोटो, आणि करंजाच्या पानात रोगजंतूंचा काळ दडला आहे अशा अर्थाचा मथळा. वसाहतीत एकच गडबड उडाली. आमच्या रस्त्याच्या दुतर्फा करंजच करंज. इंद्रपुरी, सोनागिरीपर्यंतच्या बायका पिशव्या घेऊन आल्या. हात पोचेल तिथपर्यंतची झाडं आठवड्यात भुंडी झाली. कुणी आंघोळीच्या पाण्यात टाकत होतं, कुणी लेप लावत होतं. महिला मंडळानं सत्कार ठरवला आणि स्वागतगीत बसवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

सत्काराच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ मला लख्ख आठवते. मी तिच्या पडवीत बसून गाण्याचे शब्द लिहीत होते. मीनल सायकलवरून पडली आणि गुडघा फोडून रडत आली. कुमुदनं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. मीनल किंचाळली, ‘‘नको, झोंबतं!’’ कुमुद नेहमीसारखी म्हणाली, ‘‘झोंबू दे गं. स्पिरिट लावलं की जंतू मरतात...’’ आणि थांबली. बोळा हातातच राहिला. स्पिरिट मनगटावरून ओघळत होतं आणि ही समोर कुठेतरी बघत होती. मला वाटलं तिला चक्कर आली. ‘‘कुमुद, अगं काय झालं?’’ ती माझ्याकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, ‘‘नलू, मी अर्क अल्कोहोलमध्ये काढते, म्हणजे स्पिरिटमध्येच. करंजाचा काही केल्या पूर्ण सुकत नव्हता, चिकट राहायचा. मी तसाच भरला. आणि तुलनेसाठी शेजारच्या भोकात काय भरलं माहितीये? साधं पाणी.’’ मला काही कळेना. ‘‘अगं, जंतू करंजानं मेले की स्पिरिटनं, हे मी पाहिलंच नाही!’’

रविवारची वाटही न बघता दुसऱ्या दिवशी ती डॉ. कुरेशींकडे गेली. एका भोकात करंजाचा तो अर्क, एका भोकात नुसतं अल्कोहोल, आणि एका भोकात अगदी कोरडा करून पुन्हा विरघळवलेला करंज. सत्काराच्या सकाळी मी तिच्याबरोबर बशी बघायला गेले. नुसत्या अल्कोहोलभोवती टपोरा गोल होता. कोरड्या करंजाभोवती एक बारीकशी कड, असली तर असली. कुमुद बशीवर वाकून दोन्ही गोल मोजपट्टीनं मोजत होती. डॉ. कुरेशींनी घसा खाकरला. ‘‘देखिए, सेमिनार में किसे पता चलेगा...’’ ते हलकेच म्हणाले. मनानं चांगला माणूस, तिच्याच काळजीपोटी बोलत होते. तिनं मान वर केली. ‘‘मुझे पता चल गया न, डॉक्टर साहब.’’ मग तिथूनच तिनं सरांना फोन लावला. पलीकडून बराच वेळ आवाज येत होता, मला शब्द ऐकू येत नव्हते. कुमुद फक्त ‘जी सर’, ‘जी, वापस ले लीजिए’ एवढंच म्हणत होती. रिक्षात बसल्यावर ती रडली. मोकळी रडली, नाक पुसलं आणि म्हणाली, ‘‘सत्काराला साडी कोणती नेसू?’’

मी म्हटलं, ‘‘अगं, आता सत्कार कसला? काहीतरी निमित्त सांगू.’’ ‘‘काहून? लोकं करंज ओरबाडून राहिलेत तिकडे. जाऊन सांगायला नको?’’ तिनं निळी नारायणपेठी नेसली. मुलींनी माझं स्वागतगीत म्हटलं, मंडळानं हार घातला, नारळ दिला, आणि कुमुद माइकपुढे उभी राहिली. तिचं हिंदी नागपुरी थाटाचं, पण त्या दिवशी ते मागच्या रांगेपर्यंत पोचलं. ‘‘बहनों, आपने जिस बात के लिए मुझे बुलाया है, वो बात गलत निकली,’’ तिनं सुरुवातच अशी केली. मग कापसाचा बोळा, स्पिरिट, मीनलचा गुडघा, सगळं जसंच्या तसं सांगितलं. ‘‘करंज बेचारा चुपचाप खड़ा था, मारा स्पिरिट ने, और हार मैंने पहन लिया!’’ आधी मिश्राभाभी हसायला लागल्या. त्यांच्यामागे सगळं सभागृह. टाळ्या वाजल्या त्या, मी सांगते, करंजासाठी कधी वाजल्या नसत्या इतक्या. नारळ तिनं परत द्यायला काढला तर अध्यक्षबाई म्हणाल्या, ठेवा, तुमच्या पुढच्या चुकीसाठी.

तो दिवस संपला तशी तिची खरी कसोटी सुरू झाली. सर काही महिने तिच्याशी कोरडेपणानं वागले. कॉलेजात कुणीकुणी टोमणे मारले. कुमुदनं पाचही झाडं पहिल्यापासून घेतली. प्रत्येक अर्क खडखडीत कोरडा, प्रत्येक बशीत तुलनेसाठी नुसत्या द्रावकाचं एक भोक (त्याला ती ‘कंट्रोल’ म्हणायची), आणि कोवळी पानं वेगळी, जून वेगळी, उन्हाळ्यातली वेगळी, थंडीतली वेगळी. आमच्या खाटा पुन्हा गेल्या. आमचे हे आणि विनायकराव अंगणात सतरंजी टाकून बसायचे आणि आपल्याला बायका आहेत की वनखातं, असं एकमेकांना विचारायचे. तिला कधी कंटाळलेली मी पाहिली नाही. उलट आता तिला एक नवाच छंद लागला. कुणी काहीही ठामपणे सांगितलं की ती विचारायची, ‘‘कंट्रोल कुठंय?’’ विनायकराव म्हणाले, नव्या ऑइलनं स्कूटर छान पळते, तर ‘कंट्रोल कुठंय?’ मी म्हटलं, ज्येष्ठमधानं आवाज सुटला, तर तेच. गुरुजी सत्यनारायणाचं फळ सांगत होते तेव्हा मी तिचा हात दाबून धरला होता.

दोन वर्षांनी चित्र स्पष्ट झालं. सगळ्यांत भरवशाचा निघाला तो पेरू! तोही माझ्या अंगणातला, ज्याची फळं कायम पोपट खायचे आणि ज्याच्याकडे आम्ही कधी झाड म्हणून नीट बघितलंही नव्हतं. त्याच्या जून पानांचा अर्क फोड करणाऱ्या जिवाणूला चांगला आवरत होता, पोट बिघडवणाऱ्या जिवाणूपुढे मात्र त्याचं फारसं चालत नव्हतं. ती खूश होऊन म्हणाली, ‘‘बघ, गळवांना पेरू सांगणारी निम्मी तरी खरी निघाली. पण बशीत मेला म्हणून अंगावर मरेल, असं मी कुणाला सांगणार नाही हं!’’

तोंडी परीक्षेला आम्ही सगळे गेलो होतो. मीनल, विनायकराव, आमचे हे, आणि खास शेरवानी घालून डॉ. कुरेशी. बाहेरगावचे परीक्षक गंभीर चेहऱ्याचे होते. एका आलेखावर तिला असं धरलं की ती अडकली. ‘‘नहीं मालूम सर, पढ़कर बता सकती हूँ,’’ म्हणाली. मग त्यांनी विचारलं, ‘‘सेमिनार में करंज का परचा था, वापस क्यों लिया?’’ सर खाली बघायला लागले. कुमुदनं सगळं सांगितलं, स्पिरिटच्या बोळ्यासकट. परीक्षकांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, ‘‘बेटी का घुटना ठीक हुआ?’’ मागच्या रांगेतून मीनल ओरडली, ‘‘हो गया सर!’’ सर हसले. कोरडे, कधी न हसणारे आमचे अरेरा कॉलनीचे सर! बाहेर आल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशांनी सगळ्यांना पोहे-जलेबी खाऊ घातली. डॉ. कुरेशी वाकून म्हणाले, ‘‘मुबारक हो डॉक्टर साहिबा! हम भी डॉक्टर, आप भी डॉक्टर। फ़र्क़ इतना है कि आपके मरीज़ शिकायत नहीं करते।’’

पुढची वर्षं भरभर गेली. तिच्या हाताखाली कितीतरी मुली शिकल्या. त्या सगळ्या तेराव्याला आल्या होत्या, काही आता स्वतः आज्या झालेल्या. प्रत्येकीकडे कुमुदची एक तरी गोष्ट होती, आणि प्रत्येक गोष्ट हसण्यावर संपत होती. निवृत्तीनंतर त्यांनी सोनागिरीला घर बांधलं, आम्हीही जवळच घेतलं. आमचे हे गेले तेव्हा ती रोज दुपारी यायची; माझ्या शेजारी बसायची, मग उठून चहा टाकायची. तेव्हाच्या चहात साखर फार असायची. मी कधी तक्रार केली नाही.

गेल्या आठवड्यात मी विनायकरावांकडे गेले. मीनल परत तिच्या घरी गेली आहे, ते एकटेच असतात. त्यांना आवडतात म्हणून अळूवडीचे वाफवलेले उंडे नेले होते; लागतील तसे कापून तळता येतात. फ्रिज उघडला तर वरच्या फळ्यांवर भाजी, दूध, वरण, लोणी, सगळं कोंबून भरलेलं, आणि सगळ्यांत खालची फळी अगदी रिकामी, पुसून ठेवलेली. मी विचारलं, ‘‘ही का मोकळी ठेवली?’’ ते जरा ओशाळले. ‘‘ती तिची आहे ना. नाव-तारखेच्या चिठ्ठ्या लावलेल्या अर्काच्या बाटल्या तिथे असायच्या. पीएच.डी. संपली तरी काहीतरी ठेवायचीच. एकदा चुकून दही ठेवलं होतं तिथे, तर केवढं ऐकवलं होतं मला... आता हातच जात नाही.’’

फ्रिजचा गार वारा पायांवर येत होता. मग मी वाकले आणि उंड्यांचा डबा त्या खालच्या फळीवर ठेवला. विनायकरावांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण मिशीखाली हसू फुटत होतं.

‘‘पानं आहेत ना, वहिनी?’’ ते म्हणाले. ‘‘मग चिठ्ठी लावा. झाडाचं नाव आणि तारीख. नाहीतर ती अर्क काढायला घेईल.’’

मी कॅलेंडरचा कोपरा फाडला, त्यावर ‘अळू’ असं लिहिलं, खाली तारीख घातली, आणि डब्याला चिकटवून फ्रिजचं दार लावलं.